आईच्या निवृत्तीनिमित्त सहा जणांचे जेवण: दादरच्या आसपास निवांत आणि परवडणारी जागा कोणती?

मोगरा:
नमस्कार मंडळी. येत्या ३१ जुलैला, शुक्रवारी, माझी आई महानगरपालिकेच्या प्राथमिक शाळेतून ३४ वर्षांच्या नोकरीनंतर निवृत्त होत आहे. त्या रात्री घरच्या सहा जणांनी बाहेर जेवायला जायचे असे ताईने आणि मी ठरवले आहे. आईबाबा दादर पश्चिमेला राहतात, ताई डोंबिवलीहून येईल आणि मी, माझे यजमान व सासूबाई गोरेगावहून येऊ, म्हणून दादर किंवा तेथून अर्ध्या तासात पोहोचता येईल असे ठिकाण हवे आहे. कर धरून ६,००० रुपयांपर्यंत खर्च करण्याची आमची तयारी आहे.

अडचणी तीन आहेत. आईला मासे मनापासून आवडतात आणि सासूबाई पूर्ण शाकाहारी आहेत. बाबांचा उजवा गुडघा दुखतो. तिसरी अडचण मला सर्वांत महत्त्वाची वाटते: बाबांच्या दोन्ही कानांना यंत्रे आहेत. गेल्या वर्षी आईच्या वाढदिवसाला आम्ही एका मॉलमधल्या उपाहारगृहात गेलो होतो. तेथे गाणी इतक्या मोठ्याने लावलेली होती की बाबांनी दहाच मिनिटांत यंत्रे काढून शर्टाच्या खिशात ठेवली आणि पुढचा तासभर ते प्रत्येकाकडे पाहून नुसते हसत राहिले. आईने त्यांना दोनदा काहीतरी सांगून पाहिले आणि तिसऱ्यांदा सांगायचे सोडून दिले. ते दृश्य मला पुन्हा पाहायचे नाही. मंद दिवे, मेणबत्त्या, फुगे यांची आम्हाला गरज नाही. सहा माणसांना एकमेकांचे बोलणे ऐकू यावे आणि दीड तास कोणी उठवू नये, एवढेच हवे आहे.

दादरकर:
आईंचे मनःपूर्वक अभिनंदन. दादरमध्येच राहायचे असेल तर मालवणी जेवणासाठी शिवसेना भवनाच्या परिसरातले सिंधुदुर्ग आणि चैतन्य ही दोन नावे प्रथम डोळ्यांसमोर येतात. गडकरी चौकातले आस्वाद शाकाहारी आहे, १९८६ पासून चालू आहे आणि तिथल्या पदार्थांबद्दल दादरकरांना वेगळे सांगायला नको. परंतु बाहेर रांग उभी असताना आत दीड तास निवांत बसणे आपल्यालाच अवघड वाटते. दारातून आत डोकावणाऱ्या माणसांची नजर पाठीला जाणवत राहते आणि घास भराभर गिळले जातात.

वेळेविषयी एक आग्रहाची सूचना करतो. रात्री साडेआठ ते साडेनऊ ही वेळ टाळा आणि सात वाजता आत बसा. संध्याकाळी स्वयंपाकघर नुकतेच सुरू झालेले असते, वाढणारी माणसे थकलेली नसतात आणि टेबल निवडायला मिळते.

गोरेगावकर:
सहा जणांच्या सहा आवडी असतील तर बुफे असलेले हॉटेल बघा. शाकाहारी आणि मांसाहारी दोन्ही असते आणि माणशी दर ठरलेला असल्याने खर्च वाढत नाही.

दादरकर:
गोरेगावकर, खर्चाचा मुद्दा मान्य आहे, पण बुफेत सहाही माणसे एका वेळी टेबलाशी कधीच नसतात. कोणी भात आणायला गेलेले असते, कोणी गोड आणायला. गुडघा दुखणाऱ्या माणसाला तर एक तर चार फेऱ्या माराव्या लागतात किंवा कोणीतरी आणून दिलेले खावे लागते. येथे गप्पा महत्त्वाच्या आहेत, त्यामुळे पानावर वाढणारी जागाच योग्य.

खाडीकाठ:
तारखेकडे कोणाचे लक्ष गेले नाही म्हणून लिहितो. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. हा माशांच्या विणीचा काळ असतो आणि समुद्रही खवळलेला असतो. म्हणजे तुमचे जेवण बंदीच्या शेवटच्या दिवशी आहे. त्या दिवशी ताटात जे पापलेट किंवा जी सुरमई येईल ती बहुधा बर्फातली असेल किंवा पूर्व किनाऱ्यावरून आलेली असेल, कारण तिकडची बंदी १५ एप्रिल ते १४ जून अशी असते आणि जुलैत तिकडच्या बोटी समुद्रात असतात. भाव चढलेला असतो आणि चव मात्र उतरलेली असते.

जिला मासे कळतात तिला निवृत्तीच्या दिवशी शिळे पापलेट खाऊ घालू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मासेच हवे असतील तर खाडीच्या चिंबोऱ्या, कोळंबी, जिताडा असे काही आहे का ते आधी विचारा, किंवा सरळ सुक्या मासळीकडे वळा. सोड्यांचे कालवण किंवा सुक्या बोंबलाची चटणी हे पावसाळ्याचेच जेवण आहे आणि त्यात कमीपणा काहीच नाही. चिंबोरी मात्र निवांतपणे फोडून खायची गोष्ट आहे. बोलत बोलत खाता येत नाही, हे ध्यानात ठेवा.

आणखी एक गोष्ट. यंदा अधिक ज्येष्ठ आल्यामुळे श्रावण ऑगस्टच्या मध्यावर लागतो. त्यामुळे ३१ जुलैचा शुक्रवार आषाढात येतो आणि श्रावणापूर्वी सामिष जेवून घेणाऱ्यांची गर्दी मालवणी खानावळींत असणार, हे गृहीत धरा.

वरणभात:
इतक्या अडचणी असताना बाहेर जाण्याचा अट्टाहास कशासाठी? घरी जेवण मागवावे. बाबांना घरच्या शांततेत ऐकू येईल, गुडघ्याला त्रास नाही, पाऊस पडला तरी चिंता नाही, आणि सासूबाईंसाठी वेगळ्या ठिकाणाहून शाकाहारी मागवता येईल. पैसेही निम्मे लागतील.

निवृत्त_शिक्षिका:
वरणभात, आपला सल्ला व्यवहाराला धरून आहे, पण मला तो पटत नाही, आणि का पटत नाही ते जरा सविस्तर सांगते, कारण मी स्वतः याच वाटेने गेले आहे.

सहा वर्षांपूर्वी मी निवृत्त झाले. शाळेत निरोपसमारंभ झाला, शाल आणि श्रीफळ मिळाले, मुलांनी कागदाची फुले दिली. संध्याकाळी घरी आले तर मुलाने आणि सुनेने प्रेमाने सगळे बाहेरून मागवले होते. दाराची घंटा वाजली, डबे आले, आणि मी सवयीने उठले. भांड्यांत काढून घेतले, कुरकुरीत काय ते ताटलीत पसरले, लिंबू चिरले, पाणी भरले. सगळे म्हणत होते की तुम्ही बसा, पण कोणती वाटी कुठे आहे हे त्या घरात मलाच ठाऊक होते. जेवणानंतर रिकामे प्लॅस्टिकचे डबे धुवून ठेवतानाही मीच ओट्याशी उभी होते. मुलांचा यात काही दोष नव्हता. घरात असले की आईचे पाय आपोआप स्वयंपाकघराकडे वळतात. बाहेर जेवायला गेल्यावर तिला उठता येत नाही, हाच बाहेर जाण्याचा सर्वांत मोठा लाभ आहे.

दुसरे असे की तो दिवस मनाला जड असतो. सकाळी शेवटची हजेरी घेतलेली असते, कपाटाच्या किल्ल्या परत दिलेल्या असतात. रात्री घरी त्याच भिंतींकडे पाहत बसण्यापेक्षा कुठेतरी जाणे बरे.

मोगरा, तुला एक प्रश्न विचारते. आईला कुठे जायचे आहे हे तिला विचारलेस का?

मोगरा:
विचारले होते. ती म्हणाली, "कुठेही चालेल, तुम्हाला सोयीचे पडेल ते बघा."

निवृत्त_शिक्षिका:
हे उत्तर नव्हे. आमच्या पिढीतल्या बायकांना असे म्हणायची सवय लागलेली असते. तिला दोन जागांची नावे सांग आणि त्यातली कोणती हवी ते विचार. मग ती खरे बोलेल.

फोर्टकर:
दादरच्या पलीकडे पाहायची तयारी असेल तर फोर्टचा विचार करावा. मी २२ वर्षे तेथे नोकरी केली. दिवसा पाय ठेवायला जागा नसते, पण कचेऱ्या सुटल्या की सातनंतर हॉर्निमन सर्कल आणि बॅलार्ड इस्टेटच्या गल्ल्या इतक्या शांत होतात की आपल्याच पावलांचा आवाज ऐकू येतो. जी उपाहारगृहे दुपारी ओसंडून वाहतात तेथे रात्री सहा जणांचे टेबल सहज मिळू शकते. मंगळुरी पद्धतीचे मासे हवे असतील तर अपूर्वा आणि महेश लंच होम तेथे आहेत, आणि पारशी जेवण चाखायचे असेल तर जिमी बॉयमध्ये लगननू भोणू, म्हणजे पारशी लग्नातले जेवण, मिळते. ऑक्टोबर २०२५ पासून मेट्रो ३ कफ परेडपर्यंत धावू लागली आहे, त्यामुळे दादरहून हुतात्मा चौकाला पावसातही कोरडे पोहोचता येते. स्थानकांत उद्वाहने आहेत, हे गुडघ्याच्या दृष्टीने सांगतो.

माझी मनापासूनची आवड विचाराल तर बॅलार्ड इस्टेटमधले ब्रिटानिया. १९२३ सालचे इराणी उपाहारगृह, उंच छत, आणि इराणहून येणाऱ्या आंबट बेरी घातलेला पुलाव. परंतु ते दुपारच्या जेवणासाठीच उघडे असते.

दादरकर:
फोर्टकर, रात्री फोर्ट शांत असते हे खरे, पण परतीचा विचार करा. ३१ जुलैला जोराचा पाऊस असला तर गोरेगाव आणि डोंबिवली अशा दोन दिशांना माणसे पोहोचवायची आहेत. दादर ही मध्य आणि पश्चिम अशा दोन्ही मार्गांची सामायिक जागा आहे, हा लाभ सोडू नये. पूर्वेला जायचे ठरवलेत तर हिंदमाता आणि किंग्ज सर्कलचा गांधी मार्केटचा भाग पाण्यासाठी कुप्रसिद्ध आहे. त्या दिवशीची भरतीची वेळ पाहूनच निघा.

हिशेबनीस:
६,००० रुपयांत बसवायचे असेल तर बिलाची रचना समजून घ्यावी. साध्या उपाहारगृहात, वातानुकूलित असो वा नसो, जेवणावर ५ टक्के वस्तू व सेवा कर लागतो. ज्या निवासी हॉटेलात खोलीचे भाडे दिवसाला ७,५०० रुपयांहून अधिक असते, तेथील उपाहारगृहात तोच कर १८ टक्के होतो. म्हणून तारांकित हॉटेलातला दर कार्डावर परवडणारा दिसला तरी बिलात परवडत नाही.

खरी वाढ सेवाशुल्काने होते. समजा, जेवण ४,८०० रुपयांचे झाले. ५ टक्के कर धरून ५,०४० होतात. त्यात १० टक्के सेवाशुल्क घातले तर आधी ४८० रुपये वाढतात, मग त्या रकमेवरही कर लागतो आणि एकूण ५,५४४ होतात. हा ५०४ रुपयांचा फरक आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी मार्गदर्शक सूचना काढल्या की सेवाशुल्क आपोआप बिलात लावता येणार नाही, आणि दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ रोजी त्या सूचना वैध ठरवल्या. बिलात ते दिसल्यास शांतपणे काढायला सांगावे. नकार मिळाला तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. मात्र समारंभाच्या दिवशी आईसमोर हा वाद नको असेल तर टेबल ठरवतानाच दूरध्वनीवर विचारून घ्यावे. ज्या माणसाने प्रेमाने वाढले असेल त्याच्या हातात स्वतः पैसे द्यावेत, हे मला अधिक योग्य वाटते.

खाडीकाठ:
हिशेबनीस यांना अनुमोदन. दूरध्वनीवरच मासळीचा भावही विचारावा. दरपत्रकावर जेथे आकड्याऐवजी "आकाराप्रमाणे" असे लिहिलेले असते, तेथे माझ्या भाच्याच्या साखरपुड्यानंतरच्या जेवणात आमचा अंदाज पार चुकला होता. एक मोठे पापलेट आणि दोन खेकडे यांनीच निम्मे बिल खाल्ले.

कर्णिका:
मी १५ वर्षे कर्णयंत्रांच्या क्षेत्रात काम करते, म्हणून मूळ प्रश्नाच्या तिसऱ्या अडचणीकडे वळते. मोगरा यांनी बाबांचे जे वर्णन केले आहे ते मी आठवड्यातून दोनदा तरी ऐकते. कर्णयंत्र हे चष्म्यासारखे नसते. ते आवाज मोठा करते, आणि बोलणे, गाणी, ताटांचा खणखणाट हे सगळेच मोठे होऊन कानांत शिरते. त्यातून हवा तो आवाज वेगळा काढण्याचे श्रम मेंदूला करावे लागतात आणि अर्ध्या तासात माणूस थकतो.

जागा निवडताना कान उघडे ठेवून पाहा. काचेच्या भिंती, गुळगुळीत लाद्या आणि उघडी सिमेंटची छते असलेली आधुनिक उपाहारगृहे सर्वांत वाईट, कारण आवाज शोषून घेणारे तेथे काहीच नसते. पडदे, लाकूड, गाद्यांच्या बैठका असलेली जुनी जागा बरी. बहुतेक यंत्रांना समोरचा आवाज अधिक स्पष्ट पकडता येतो, म्हणून बाबांना असे बसवा की गर्दी आणि स्वयंपाकघर त्यांच्या पाठीशी येईल आणि घरची माणसे समोर येतील. आईंना त्यांच्या शेजारी बसवायची आपली पद्धत असते. ती त्या दिवशी मोडा आणि आईंना त्यांच्या समोर बसवा. उजेड चेहऱ्यावर पडू द्या, कारण ऐकू कमी येणारी माणसे ओठही वाचत असतात. अंधुक दिव्यांची जागा त्यांच्यासाठी दुहेरी अडचणीची ठरते. शिवाय सहा जणांसाठी लांब टेबलापेक्षा गोल किंवा चौकोनी टेबल चांगले.

दोन दिवस आधी, तुम्ही ज्या वेळी जाणार त्याच वेळी तेथे जाऊन चहा किंवा सरबत घ्या आणि हलक्या आवाजात बोलून पाहा. समोरच्या माणसाला पुन्हा सांगावे लागले तर ती जागा सोडून द्या.

वरणभात:
निवृत्त_शिक्षिका यांचा प्रतिसाद वाचून मी माझे मत बदलतो. माझ्या आईच्या साठीला आम्ही घरीच सगळे मागवले होते. त्या दिवसाची छायाचित्रे आता काढून पाहिली. बारांपैकी अकरा छायाचित्रांत आई नाही, आणि एकात ती आहे तर पाठमोरी आहे, हातात पातेले घेऊन.

मोगरा:
सर्वांचे मनापासून आभार. गेल्या चार दिवसांत बरेच घडले, ते सांगते.

कर्णिका यांच्या सल्ल्याप्रमाणे ताई आणि मी दादरमधल्या दोन जागा संध्याकाळी सात वाजता पाहून आलो. पहिल्या जागेत भिंतीवर दूरदर्शन संच मोठ्या आवाजात चालू होता. दुसरी जागा शांत होती, कोपऱ्यातले टेबल चांगले होते, आणि शाकाहारी पदार्थांचा तवा वेगळा असल्याचे व्यवस्थापकांनी स्वतः स्वयंपाकघरात नेऊन दाखवले. ती जवळजवळ नक्की केली होती.

मग निवृत्त_शिक्षिका यांचा सल्ला आठवला. रात्री आईसमोर मी दोन नावे ठेवली, एक हे दादरचे आणि दुसरे फोर्टमधले, आणि विचारले की यातले कोणते हवे. ती भाजी निवडत होती. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "तिसरे सांगितले तर चालेल का?"

तिने माटुंग्याचे नाव घेतले. स्थानकाजवळच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर असलेले रामा नायक यांचे उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग. १९९२ मध्ये तिची पहिली नेमणूक माटुंग्याच्या शाळेत झाली, तेव्हा पहिला पगार हातात आल्यावर ती आणि तिच्याबरोबर रुजू झालेली एक मैत्रीण तेथे केळीच्या पानावर जेवल्या होत्या. ही गोष्ट तिने आम्हाला आजवर कधीच सांगितली नव्हती. मी म्हटले, आई, तुला मासे आवडतात ना? ती म्हणाली, मासे तर मी घरी करतेच.

ताईने लगेच जिन्याचा प्रश्न काढला. बाबा वर्तमानपत्र वाचत होते, आम्हाला वाटले त्यांना ऐकू गेले नसेल. त्यांनी मान वर न करता सांगितले, "तेवढ्या पायऱ्या मी चढेन."

आता माझी शंका अशी आहे की तेथे निवांतपणा कितपत मिळेल.

दादरकर:
ते १९४२ सालापासून चालू आहे आणि सोमवारी बंद असते, त्यामुळे शुक्रवारची अडचण नाही. खर्चाचाही प्रश्न उरत नाही, तुमच्या रकमेत बरेच पैसे शिल्लक राहतील. गर्दी मात्र असते आणि आपली पाळी येईपर्यंत थांबावे लागते. संध्याकाळी उघडण्याच्या वेळेलाच पोहोचा. तुम्ही आणि यजमान पुढे जाऊन पाळी लावा, बाबांना खाली थांबवा आणि टेबल मिळाल्यावरच वर आणा, म्हणजे जिन्यात किंवा दारात उभे राहण्याची वेळ त्यांच्यावर येणार नाही. किंग्ज सर्कलचे पाणी टाळण्यासाठी मध्य रेल्वेच्या माटुंगा स्थानकाने जा, दादरपासून एकच स्थानक आहे.

खाडीकाठ:
मासळीबंदीचा प्रश्नही आपोआप सुटला. सासूबाईंचाही.

कर्णिका:
स्टीलच्या भांड्यांचा आणि वाढप्यांच्या हाकांचा आवाज तेथे असणार, पण वाजणारी गाणी नसतील तर यंत्रांना तेवढे जड जात नाही. भिंतीकडची, स्वयंपाकघरापासून दूरची जागा मागा. आई समोर, हे विसरू नका. आणि सांबार, रस्सम, ताक असे एकेक वाढायला माणूस येईल तेव्हा बोलणे तोडून बाबांना हाताने खूण करा. पाठीमागून अचानक कोणी वाढायला आले की ऐकू न येणारा माणूस दचकतो.

निवृत्त_शिक्षिका:
मोगरा, ती मैत्रीण कुठे असते?

मोगरा:
मुलुंडला असते. ती आईच्या एक वर्ष आधी निवृत्त झाली. काल मी तिला दूरध्वनी केला, तिला यायचे आहे. आईला आम्ही अजून सांगितलेले नाही. म्हणजे आता आम्ही सात झालो. तेथे चार माणसांची टेबले असतील तर सात पाने एकत्र कशी मांडून घ्यावीत, हे कोणाला माहीत असल्यास कृपया सांगावे.

दादरकर:
शेजारशेजारची दोन टेबले मिळेपर्यंत पुढची पाळी सोडून द्या आणि गल्ल्यावर बसलेल्या माणसाला कारण सांगा. आईंना, बाबांना आणि त्या मैत्रिणीला एकाच टेबलावर बसवा. उरलेल्या चौघांनी दुसरे घ्यावे.